जखमेला पट्टी, माणसाला काय?

शुगरच्या पेशंटचा पाय कापावा लागला की सरकारदरबारी त्याची दखल घेतली जाते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार दिलेले आहेत, त्यात तो बसतो. प्रमाणपत्र निघतं, एसटीचं तिकीट सवलतीत मिळतं, ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात त्या यादीत त्याचं नाव घालता येतं. पण त्याआधीची वर्षं? तळव्याला रुपयाएवढं भोक घेऊन, रोज पट्टी बदलत, एका पायात चप्पल आणि दुसऱ्याला फडकं गुंडाळून तो गावात वावरत होता, ती वर्षं कुठल्याच कागदावर नसतात. पाय धडाला जोडलेला आहे तोवर माणूस धडधाकट धरला जातो.

माझं म्हणणं असं की माणूस मोडतो तो याच बिननोंदीच्या वर्षांत. त्याला मोडण्यात जखमेचा वाटा असतो तसा घरच्यांचा, गावाचा आणि दवाखान्याचाही असतो. जखमेवर मलमपट्टी होते, पण जखमेपायी त्याच्या झोपेचं, रोजगाराचं, नात्यांचं जे होतं त्याची चौकशी करणं हे कुणाचंच काम नाही. ते कुणाचं तरी काम ठरलं पाहिजे, आणि मुंबई-पुण्यात नव्हे, खानदेशातल्या चोपडा, शिरपूर, तळोदा अशा ठिकाणी ठरलं पाहिजे.

योग्य उपचार घेऊनही महिना-दोन महिन्यांत भरत नाही ती जखम जुनाट, असं डॉक्टर ढोबळमानानं धरतात. आपल्याकडे अशा जखमांना निमित्तांची कमी नाही. कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाटी कापली की जमिनीत उरलेले खुंट चपलेतून आरपार जातात. केळीच्या बागेत ठिबकखालच्या चिखलात पाय दिवसभर भिजत असतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की डांबरी रस्ता आणि देवळासमोरची फरशी तव्यासारखी तापते. चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणाऱ्या खानदेशी भाविकांत अनवाणी चालण्याचा नवस फेडणारे पुष्कळ असतात. ज्याचे पाय शुगरनं बधिर झालेत, त्याला तळवे भाजल्याचं कळतं ते मुक्कामाला पोचल्यावर, मातीचे पाय धुताना. याशिवाय वर्षानुवर्षं भट्टीपुढं किंवा फळ्यापुढं उभं राहून ज्यांच्या पायाच्या शिरा फुगल्या त्यांच्या घोट्यावरच्या जखमा आहेत. अर्धांगवायूनं खाटेला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या माकडहाडावरच्या आहेत. कुष्ठरोगातून बरे झालेल्यांच्या तळव्यांवरच्या आहेत, आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या काही तरुण पेशंटना होणाऱ्याही आहेत.

यातली शुगरची जखम सगळ्यांत जास्त फैलावणार, हे सांगायला ज्योतिषी नको. भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा (आयसीएमआर) अंदाज आहे. मधुमेह असलेल्यांपैकी १९ ते ३४ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी पायाची जखम होते, असं जगभरच्या अभ्यासांवरून मानलं जातं. आणि भरलेली जखम वर्षाच्या आत पुन्हा उघडण्याचं प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात आहे. हा शेवटचा आकडा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ‘बरं झालं’ म्हणून पेढे वाटावेत असा हा आजार नाही. मधुमेह जसा जन्माचा, तसा हा पायही जन्माचा. तरी घर आणि दवाखाना दोघंही त्याच्याकडे आठ-पंधरा दिवसांच्या दुखण्यासारखं बघतात. मग दोन महिने झाले, सहा महिने झाले, की दोघांचाही धीर सुटतो आणि त्याचा राग पेशंटवर निघतो.

दुखणं दिसलं की आपण हळहळतो. बधिर पायाची जखम पुष्कळदा दुखत नाही, तिथंच सगळी गोची आहे. गावात कुणी भेटलं की पहिला प्रश्न “दुखस का?” असतो. “नही” असं उत्तर मिळालं की समोरच्याचा चेहरा मोकळा होतो. मंग काय एवढं! दुखत नाही म्हणजे मोठं काही नाही, हा हिशेब इतका पक्का आहे की पेशंटसुद्धा तोच मांडतो आणि खुंट रुतलेल्या पायानं दिवसभर औत हाकतो. कुष्ठरोग्यांचे हातपाय आपोआप झडतात या समजुतीला धक्का दिला तो पॉल ब्रँड या शल्यविशारदानं. १९४६पासून वेल्लोरला काम करताना त्याच्या लक्षात आलं की बोटं रोगानं गळत नाहीत. वेदना कळत नसल्यामुळं माणूस त्याच जागी पुन्हा पुन्हा भार देतो, भाजून घेतो, आणि पाय झिजून जातो. अशा पायाला नीट बसणारं प्लास्टर घालून भार वाटून दिला की जखम भरते, हा इलाज कुष्ठरोगातूनच पुढं अमेरिकेत मधुमेहाच्या पेशंटपर्यंत पोचला. म्हणजे शास्त्राला न दुखणाऱ्या पायाची भीती कळून पाऊणशे वर्षं होत आली. आपल्या ओसरीवर मात्र अजून “दुखस का?”पाशीच गाडी अडलेली आहे.

ज्याची दुखते त्याची वेगळीच परवड. शिरांच्या जखमेला रात्री ठणका लागतो, झोप लागत नाही, अंथरुणात पाय कुठं ठेवावा कळत नाही. दिवसा तो माणूस पेंगतो, चिडतो, आणि घरातले म्हणतात की म्हातारा किरकिरा झालाय.

न भरणाऱ्या जखमेचा माणूस आपल्या मुलुखाला नवा नाही. धडगाव तालुक्यातल्या अस्तंबा डोंगरावर दिवाळीच्या दिवसांत आदिवासी बांधवांची मोठी यात्रा भरते. ते अश्वत्थाम्याचं ठिकाण मानलं जातं. बऱ्हाणपूरजवळचा असीरगड एके काळी खानदेशच्या फारुकी सुलतानांकडे होता, तिथंही तो फिरतो म्हणतात. कपाळाच्या जखमेला लावायला तो तेल मागत हिंडतो, ही गोष्ट आजीच्या तोंडून ऐकली नाही असं पोर आपल्याकडे सापडायचं नाही. महाभारताच्या सौप्तिक पर्वात कृष्ण त्याला शाप देतो तो नीट वाचण्यासारखा आहे. तीन हजार वर्षं तू पृथ्वीवर भटकशील, तुझ्याशी कुणी बोलणार नाही, माणसांत तुला जागा मिळणार नाही, अंगाला पू आणि रक्ताचा वास येईल, निर्जन रानात राहशील. यात दुःख सोसण्यापेक्षा एकटं पडण्याचंच वर्णन जास्त आहे. महाभारतकारांनी सर्वांत मोठ्या अपराधाला जी शिक्षा शोधली, ती आपण काही अपराध नसलेल्या माणसाला घरबसल्या देतो. तेल द्यायला आपण कधीच नाही म्हणत नाही. दुपारी त्याच्यापाशी जाऊन बसायची वेळ आली की आपल्याला शेतातली कामं आठवतात.

वासाबद्दल मला थोडं सरळ बोलायचंय, कारण यावर नुसते सुविचार ऐकवण्यात अर्थ नाही. चिघळलेल्या जखमेचा वास येतो, आणि तो सहन होत नाही. किळस येणं हा काही कुणाचा गुन्हा नाही. कुणाचंही नाक उपदेशानं सुधारत नाही. म्हणूनच वास हा वैद्यकीय प्रश्न मानला पाहिजे. हवेवाचून वाढणारे जंतू मेलेल्या मांसावर पोसतात, त्यातून ही दुर्गंधी येते. मेलेलं मांस काढून टाकणं, जास्त पाणी शोषणारी पट्टी बांधणं, डॉक्टरांच्या सल्ल्यानं जखमेवर मेट्रोनिडॅझोल हे जंतू मारणारं औषध वापरणं, कोळसा असलेल्या पट्ट्या वापरणं, असे उपाय आहेत आणि त्यातले काही अगदी स्वस्त आहेत. जखम भरायला वर्ष लागो, वास बराचसा आटोक्यात येऊ शकतो. पण त्यासाठी डॉक्टरांनी “वास येतो का? वासामुळं कुठं जाणं बंद केलंय का?” असं विचारावं लागतं. पेशंट आपण होऊन सांगत नाही, त्याला लाज वाटते. तो फक्त जाणं बंद करतो. आधी लग्नातली पंगत सुटते, मग पारावरची बैठक, मग भजन, आणि एक दिवस नातूही कडेवर बसायला येईनासा होतो. घरात पाहुणे येणार असले की खाट मागच्या पडवीत जाते. “तुम्हाला निवांत पडता येईल” असं त्याला सांगितलं जातं, त्यालाही खरं काय ते ठाऊक असतं.

घरची पट्टी कशी होते ते एकदा जवळून पाहावं. आमच्या शेजारच्या घरात सकाळी सून चुलीवर पाणी उकळून गार करत ठेवते. सासऱ्यांचा पाय प्लास्टिकच्या घमेल्यात घेते. कालचा कापूस जखमेला चिकटून बसलेला असतो. घाई असली तर तो ओढून काढावा लागतो, आणि त्याबरोबर रात्रीतून आलेली कोवळी कातडीही निघते. वेळ असला तर ती पाणी सोडत सोडत, फुंकर घालत, अर्धा तास बसते. शेजारी उदबत्ती लावलेली असते. निघालेल्या पट्ट्या काळ्या पिशवीत भरून ती उकिरड्याच्या टोकाला नेते, कारण कुत्र्यांनी ओढून गल्लीत आणल्या तर चार घरांची बोलणी खावी लागतात. मग साबणानं तीन-तीनदा हात धुऊन ती भाकरी थापायला बसते, तर एखादी जाऊ म्हणते, “राहू द्या, आज मी थापते.” हा टोमणा असतो की मदत, ते तिलाच ठाऊक. पाय सासऱ्यांचा असला तरी वाळीत टाकल्यासारखं तिलाही व्हावं लागतं. मलम, गॉज आणि गोळ्यांचा खर्च निघतो, तिच्या या अर्ध्या तासाची मजुरी कुणी कधी मांडली आहे का?

आणि ही गोष्ट उलटी करून पाहा. सासूला किंवा सुनेलाच जखम झाली तर घमेलं कोण आणतं? बाईची जखम लुगड्याच्या काठाखाली राहते. ती स्वतःच वाकून, आरशात बघून पट्टी बांधते, नाहीतर माहेरी जाते. श्रावणात खानदेशची देवी कानबाई घरात बसते तेव्हा सगळे भाऊबंद एका घरात जमतात, रोट होतात, सोवळं कडक असतं. कित्येक घरांत वाहत्या जखमेची बाई त्या दिवशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसते. तिला कुणी ‘बस बाहेर’ म्हणत नाही, ती आपणच बसते. देवीला विटाळ होतो असं मला वाटत नाही. पण दुसऱ्यांच्या श्रद्धेत आपला पाय पडू नये म्हणून एक बाई वर्षाचा सण दारात बसून काढते, यावर भाऊबंदांनी एकदा बसून बोलायला हवं.

दवाखान्याचंही ऐकवतो. पेशंटला सगळ्यांत जास्त ऐकून घ्यावं लागणारं वाक्य म्हणजे “तुम्ही काळजी घेतली नाही.” गोड खाल्लं असेल, उशिरा आला असाल, सांगितलेलं ऐकलं नसेल. काही वेळा ते खरंही असतं. हळद, चुना, राख, तपकीर लावून महिनाभर काढणारे लोक आहेत. दुकानातून आणलेला हायड्रोजन पेरॉक्साइड फेस येतो म्हणून रोज ओतणारे आहेत, त्यानं नवी येणारी पेशीसुद्धा जळते. जखम उघडी ठेवून वाळवावी हा समज तर सुशिक्षितांतही आहे. वास्तविक ओलसर झाकलेली जखम लवकर भरते, हे जॉर्ज विंटर या संशोधकानं १९६२मध्येच दाखवलं होतं. पण डॉक्टरांचा मुख्य सल्ला असतो तो “या पायावर भार देऊ नका” हा, आणि तो शास्त्रानं शंभर टक्के बरोबर आहे. प्रश्न असा की रोजानं कापूस वेचणाऱ्यानं तो पाळायचा कसा? केळीचा घड खांद्यावर घेणाऱ्यानं? दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या नंदुरबारच्या जोडप्यानं? त्यांच्यासाठी तो सल्ला म्हणजे चार महिने बिनपगारी बसा असा हुकूम आहे. हुकूम पाळला नाही की केसपेपरवर ‘पेशंट ऐकत नाही’ असा शेरा. खर्चाची गत अशीच. महात्मा फुले जनआरोग्य योजना भरती होऊन करायच्या उपचारांसाठी आहे, म्हणजे पाय कापायला पैसे आहेत. तो वाचवण्यासाठी वर्षभर लागणाऱ्या पट्ट्या, भार वाटून देणारी चप्पल आणि दर आठवड्याचं एसटीचं भाडं हे सगळं ज्याचं त्यानं बघायचं.

यावर कुणी म्हणेल, मन दुखावतं हे मान्य, पण डॉक्टरांनी आधी जखम बघावी, मनाचं नंतर पाहू. हा क्रमच चुकीचा आहे. १९९५मध्ये अमेरिकेत केलेल्या एका प्रयोगात स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगांची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटीशी जखम मुद्दाम केली गेली. तेवढ्याच वयाच्या, पण असा भार नसलेल्या बायकांच्याही हातावर केली. सेवा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी साधारण ४९ दिवस लागले, इतरांना ३९. जखमेच्या आकारात काही फरक नव्हता, फरक होता तो डोक्यावरच्या ओझ्यात. त्याच संशोधकांनी पुढं जोडप्यांवर प्रयोग केला, तेव्हा एकमेकांशी खोचकपणे बोलणाऱ्या जोडप्यांच्या जखमा सावकाश भरल्या. टोमण्यानं जखम चिघळते, हे आता नुसतं बोलण्यापुरतं राहिलेलं नाही. म्हणजे ज्याला पडवीत टाकलंय त्याची जखम पडवीत टाकल्यामुळंही रेंगाळते, आणि रेंगाळली म्हणून तो आणखी पडवीत राहतो. उदास माणूस शुगरची गोळी चुकवतो, जेवण चुकवतो, पाय बघत नाही. हे सगळं औषधाच्या चिठ्ठीवर दिसत नाही.

गंमत म्हणजे, व्यवस्थेला यातलं काहीच ठाऊक नाही असंही नाही. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात तळव्याला वारंवार जखम होते का, मुंग्या येतात का, हा प्रश्न आहे. त्याच फॉर्मच्या शेवटी, कामात रस वाटत नाही का, उदास वाटतं का, असे दोन प्रश्न आहेत. दोन्हींना ‘हो’ म्हणणारा माणूस एकच असू शकतो, एवढं मात्र पुढं कुणी जोडून बघत नाही. पहिलं उत्तर कुष्ठरोग विभागाकडे, दुसरं मानसिक आरोग्याकडे, आणि शुगर तिसऱ्याच रकान्यात. कुष्ठरोग विभागाकडे तर बधिर पायाचं अख्खं शहाणपण तयार आहे: रोज पाय तपासा, भिजवा, घासा, तेल लावा, मऊ रबराची चप्पल घाला. ही चप्पल शुगरवाल्याच्या पायालाही तितकीच उपयोगी आहे. पण ती पायात घालायला तो तयार होत नाही, कारण गावात तिला ‘त्या रोगाची चप्पल’ म्हणतात. एका आजाराला आपण लावलेला कलंक दुसऱ्या आजाराचा पाय खातो, याहून ठसठशीत उदाहरण मला तरी माहीत नाही. चपलेचा रंग आणि घाट बदलून ती बाजारात मिळणाऱ्या चपलेसारखी दिसली तरी हा अडथळा निम्मा होईल.

मग करायचं काय? सुश्रुतानं व्रणावर साठ उपक्रम सांगितले, हे आयुर्वेदाचा अभिमान असलेले सगळे सांगतात. त्याच्या सूत्रस्थानात जखमी माणसाची निगा कशी राखावी यावर एक वेगळा अध्याय आहे, आणि त्यात गोड बोलणाऱ्या मित्रांनी जवळ बसून गोष्टी सांगत त्याच्या वेदना विसरायला लावाव्यात असं म्हटलंय, हे सहसा सांगितलं जात नाही. सोबत हा उपचाराचाच भाग आहे, हे त्याला कळत होतं. इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात एली लिंडसे या परिचारिकेनं १९९५मध्ये जवळजवळ हेच केलं. पायाला जुनाट जखमा असलेल्या लोकांना दवाखान्याबाहेर गावच्या सभागृहात एकत्र बोलावलं. तिथं पट्टी होते, पाय तपासले जातात, आणि बरोबर चहा-गप्पाही होतात. येणाऱ्याला पेशंट न म्हणता सभासद म्हणतात. ज्याचा पाय बरा झाला तोही येत राहतो, त्यामुळं पुन्हा उघडू पाहणारी जखम लवकर सापडते.

आपल्याला सभागृह शोधायची गरज नाही, आपल्याकडे आठवडे बाजार आहे. त्या दिवशी पंचक्रोशीतून वडाप आणि काळीपिवळी भरून माणसं येतातच, भाड्याचा वेगळा खर्च नाही. बाजाराच्या गावचं उपकेंद्र किंवा समाजमंदिर त्या दिवशी चार तास जखमवाल्यांसाठी ठेवावं. एक परिचारिका, आशाताई, वैद्यकीय अधिकारी, एक बधिरपणा तपासायचा नायलॉनचा धागा आणि पुरेशा पट्ट्या. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथल्या शिकाऊ डॉक्टरांना या कामाची पाळी लावता येईल. शहरातल्या वॉर्डात शिकतील त्यापेक्षा जास्त शिकतील. तिथं जखम मोजावी, वास विचारावा, झोप विचारावी. घरी पट्टी कोण करतं ते विचारावं आणि त्या सुनेला किंवा बायकोलाही खुर्ची द्यावी. आणखी एक गोष्ट तिथं आपोआप होईल, जी कुठल्या समुपदेशकाला जमणार नाही. आपल्यासारखाच पाय घेऊन दुसरा माणूस समोर बसलेला दिसेल.

यावर दोन आक्षेप येणार. एक, नंदुरबारमध्ये कुपोषण आणि बाळंतपणाचे प्रश्न उभे असताना हे चोचले कशाला? आक्षेप रास्त आहे, आरोग्य केंद्रांवर माणसं कमी आहेत हेही खरं. पण डोंगरातला कमावता माणूस जखमेनं वर्षभर खाटेवर पडला की त्या घरातलं ताट आधी पोरांचंच रिकामं होतं. कुपोषण आणि जखम एकाच छपराखाली राहतात, त्यांना वेगवेगळ्या रांगेत उभं करू नये. दुसरा आक्षेप जास्त आवडता आहे: आमच्याकडे एकत्र कुटुंब आहे, म्हाताऱ्यांना आम्ही टाकत नाही. टाकत नाहीत, खरं आहे. अन्न, औषध, कपडे सगळं मिळतं. वर मी ज्या पडवीबद्दल लिहिलं, ती एकत्र कुटुंबाच्याच घराची आहे.

राहिला प्रमाणपत्राचा मुद्दा. कुष्ठरोगातून बरा झालेला माणूस दिव्यांगांच्या यादीत आहे, सिकलसेलही आता आहे. रोग औषधानं गेला तरी बधिर हात-पाय आणि व्यंग मागं राहतं आणि माणूस कामाला, समाजाला मुकतो, हे तत्त्व कायद्यानं कुष्ठरोगात मान्यच केलंय. तेच तत्त्व सहा महिन्यांहून जुन्या जखमेला का लागू नये? कायद्यात केंद्र सरकारला अधिसूचनेनं नवा प्रकार जोडण्याची मुभा आहे, आणि ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र देण्याची सोयही आहे. खोटे लोक घुसतील, ही भीती इथं फारशी नाही, कारण दर बाजाराला पट्टीला आलेल्या माणसाच्या जखमेची लांबी-रुंदी नोंदवहीत लिहिलेली असेल. जखम भरून वर्षभर पाय टिकला की प्रमाणपत्र रद्द करा, हरकत नाही. दिल्लीची अधिसूचना निघेल तेव्हा निघो. तोवर पट्ट्या आणि चपला गावाच्या खर्चातून द्याव्यात असा ठराव ग्रामसभेत मांडता येतो. येत्या ग्रामसभेत तो मांडणाऱ्यानं आधी गावातल्या अशा पायांची यादी करून न्यावी. आशाताईंच्या फॉर्ममध्ये ती निम्मी-अर्धी तयार सापडेल.